रिपोर्टातली माणसं

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की बाई शेवटची ओळ वाचते आणि घरचे फोटो बघतात. मधल्या आकड्यांच्या रकान्यात कुणी डोकं घालत नाही. गडहिंग्लजला माझं सोनोग्राफी सेंटर आहे, आणि इतक्या वर्षांत त्या रकान्याबद्दल विचारणारा माणूस मला एकच भेटला. निवृत्त तलाठी होते. सुनेचा रिपोर्ट त्यांनी सातबारा वाचावा तसा वरपासून खालपर्यंत वाचला आणि कंसातल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, हे हॅडलॉक कोण? पुण्याचे काय?"

हॅडलॉक अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे. पण प्रश्न लाखमोलाचा होता. गरोदरपणात सोनोग्राफी कितीदा करायची, कुठल्या महिन्यात आणि कशासाठी, हे आज ठरून गेल्यासारखं वाटतं. ते कुणी एका बैठकीत ठरवलेलं नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत एकेका डॉक्टरला एकेक अडचण आली, तिचं उत्तर मिलिमीटरमध्ये उतरलं आणि रिपोर्टात एक ओळ वाढली. कुठली ओळ कुठल्या अडचणीतून आली हे कळलं, की या तपासणीकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय नाही, तेही कळतं.

आधीच्या काळापासून सांगते. पोटातल्या बाळाचं वय ठरवायला तेव्हा दोनच साधनं होती: बाईची आठवण आणि तपासणारीचा हात. आठवणीचं साधन आमच्या भागात अजून चालू आहे. मोबाईलमध्ये तारीख लिहून ठेवणाऱ्या मुली वाढल्या, तरी "शेवटची पाळी कधी आली?" असं विचारलं की अजूनही उत्तर येतं, "हरतालिकंला पूजंला बसाय गावलं न्हाई बगा," किंवा "यल्लम्माच्या जत्रंला गेलो न्हाई, आडचण आलती." देवाकडं जाता आलं नाही, तो दिवस पक्का लक्षात राहतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात मी तो सण शोधते, तारीख लावते, आणि पुष्कळदा ती मशीनच्या मोजणीशी दोन-चार दिवसांत जुळते.

हाताचं साधन म्हणजे गर्भाशय बेंबीच्या किती खाली, किती वर आलंय ते चाचपणं. ठोके ऐकायला कर्ण्यासारखी नळी होती. फ्रान्सच्या ॲडॉल्फ पिनार्डनी ती १८९५ मध्ये आणली, आणि आमच्या आरोग्य केंद्रांमधल्या जुन्या नर्सबाई ती अजून सफाईनं वापरतात. याच्यापुढं काही बघायचं झालं तर एक्स-रे. बाळ आडवं आहे का, जुळं आहे का, हे बघायला पोटाचे एक्स-रे सर्रास काढले जात. इंग्लंडमध्ये ॲलिस स्टुअर्ट यांनी १९५६ मध्ये आणि मग १९५८ मध्ये सविस्तर दाखवून दिलं, की गरोदरपणी ज्या आयांचे असे एक्स-रे निघाले त्यांच्या मुलांना कर्करोग होण्याचं प्रमाण जास्त आहे. तेव्हा बड्या डॉक्टरांनी हे सहज मान्य केलं नाही. पण आत बघायला दुसरं काहीतरी हवं, ही गरज उघडी पडली होती.

ते दुसरं काहीतरी ग्लासगोत तयार होत होतं. स्कॉटलंडमधलं हे शहर जहाजांचं आणि बॉयलरचं. लोखंडाच्या जाड पत्र्यात किंवा सांधलेल्या जागेत भेग राहिली तर ती बाहेरून दिसत नाही. म्हणून कारखान्यात ध्वनीलहरी सोडून आतून परत येणारा प्रतिध्वनी पडद्यावर बघत. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा हा ध्वनी. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायला पॉल लांजव्हॅं यांनी असाच ध्वनी वापरला होता.

इयन डोनाल्ड १९५४ मध्ये ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. दुसऱ्या महायुद्धात ते हवाईदलात होते, त्यामुळे रडार आणि सोनार त्यांना नवे नव्हते. त्यांच्या एका पेशंटचे यजमान बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत वरच्या जागेवर होते. त्या ओळखीनं २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड गाडीच्या डिकीत ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी घालून रेनफ्रूच्या कारखान्यात गेले. काही गाठी पाण्यानं भरलेल्या, काही घट्ट मांसल. तुलनेसाठी कंपनीनं खाटकाकडचा मांसाचा मोठा तुकडा आणून ठेवला होता. भेगा शोधायच्या यंत्रावर दोन्ही प्रकारच्या गाठींचे प्रतिध्वनी वेगळे आले. पाण्याची गाठ आतून मोकळी, मांसल गाठ भरलेली. सोनोग्राफीत आजही आम्ही पहिल्यांदा हेच बघतो: काळं दिसतं ते पाणी, करडं दिसतं ते मांस, पांढरं चमकतं ते हाड.

केल्व्हिन अँड ह्यूजेस ही कंपनी अशी यंत्रं बनवायची. तिथल्या टॉम ब्राउन नावाच्या विशीतल्या इंजिनिअरच्या कानावर आलं, की कुणी प्राध्यापक आपल्या कंपनीचं यंत्र माणसांवर लावतोय. त्यानं थेट डोनाल्डना फोन लावला. पुढं ब्राउनची कारागिरी, डोनाल्डची जिद्द आणि जॉन मॅकव्हिकार या तरुण डॉक्टरची मेहनत यांतून पोटावर फिरवायचं यंत्र उभं राहिलं. त्वचा आणि यंत्र यांच्यात हवा राहिली तर ध्वनी आत शिरतच नाही, म्हणून पोटाला ऑलिव्ह तेल चोळत. टेबलावर झोपल्यावर पोटावर पडणारं ते गार, चिकट जेल आलं ते त्या तेलाच्या जागी. जेलमध्ये औषध वगैरे काही नसतं. "बाळाला थंडी बाधंल काय?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय, की हिवाळ्यात मी बाटली आधीच कोमट करून ठेवते.

त्यांचा निबंध ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात बाळ हा मुख्य विषय नव्हताच, विषय होता पोटातल्या गाठी. त्यातल्या एका बाईचं पोट फुगलेलं, निदान जठराच्या कर्करोगाचं, घरच्यांनी आशा सोडलेली. यंत्रानं सांगितलं, ही पाण्यानं भरलेली एकच मोठी गाठ आहे. ऑपरेशन झालं, अंडाशयाची गाठ निघाली आणि बाई वाचली. सोनोग्राफी बाळाचं तोंड दाखवायला जन्मली असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही हकिगत सांगते. ती जन्मली धोका ओळखायला, आणि मुळात आईचा.

आता रिपोर्टाच्या ओळी. पहिली तपासणी सहसा सहा ते आठ आठवड्यांत करतात. तिला प्रश्न चार: गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत तर राहिला नाही, ठोके आहेत का, एक आहे की दोन, आणि दिवस किती गेले. इतक्या लहानपणी गर्भ दिसायला मोठी आडकाठी आतड्यांतल्या हवेची. १९६३ च्या सुमारास डोनाल्ड यांच्या लक्षात आलं, की मूत्राशय तुडुंब भरलेलं असेल तर आतडी बाजूला सरतात आणि त्या पाण्यातून ध्वनी थेट गर्भाशयापर्यंत पोचतो. "पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका" या आमच्या सूचनेचा उगम हा. चंदगडकडून एसटीत दोन तास हेलपाटत, लघवी दाबून आलेल्या बाईला बाहेरच्या बाकावर आणखी अर्धा तास बसवलं की ती जे मनात म्हणते, ते मला तिच्या चेहऱ्यावर वाचता येतं. १९८० च्या दशकात आतून तपासायचा प्रोब आला आणि सुरुवातीच्या तपासणीतला हा छळ बराच संपला. त्या तपासणीला उलट लघवीला जाऊन यायचं असतं. आतून म्हटल्यावर बायका धास्तावतात. प्रोबला निरोध लावलेला असतो, तो गर्भापर्यंत पोचत नाही आणि त्यानं गर्भ पडत नाही. नको वाटलं तर तसं सांगावं, बाई डॉक्टर हवी असेल तर मागावी.

'सीआरएल' ही ओळ ह्यू रॉबिन्सन यांची. हेही ग्लासगोचेच. १९७३ मध्ये त्यांनी डोक्यापासून ढुंगणापर्यंत गर्भाची लांबी मोजून त्यावरून दिवस काढायचं कोष्टक मांडलं. आठ आठवड्यांना ही लांबी सुमारे १६ मिलिमीटर, बाराला ५४ च्या आसपास. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच गतीनं वाढतात. आई उंच असो की बुटकी, खातीपिती असो की नसो. त्यामुळे या काळात काढलेली तारीख चार-पाच दिवसांच्या फरकानं बरोबर येते. पुढं घराण्याचा बांधा, आईचं खाणं, वारेचं काम या सगळ्यांचा परिणाम सुरू होतो आणि शेवटच्या महिन्यांत हाच अंदाज दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो.

यातून एक भांडण नेहमी उभं राहतं. बाई तीन रिपोर्ट पुढ्यात टाकते. तिन्हींवर बाळंतपणाची तारीख वेगळी. सासू म्हणते, "ह्यातली खरी कंची? का मशीनच बिगडलंय?" मशीन बिघडलेलं नसतं. ते त्या दिवशीच्या मापावरून दर वेळी नवी तारीख छापतं. खरी धरायची ती पहिल्या तीन महिन्यांतली. पुढचं माप त्या तारखेला मागं पडलं तर बाळ बारीक राहतंय असा अर्थ असू शकतो. अशा वेळी तारीखच पुढं ढकलली तर बाळाची तक्रार दप्तरी दाखल न होताच बंद होते. म्हणून पहिला रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यांत वर लावावा.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधली 'एनटी'ची ओळ त्यामानानं अलीकडची. बाळाच्या मानेमागं त्वचेखाली पाण्याचा पातळ थर असतो. तो जाड असेल तर डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता वाढते, हे लंडनच्या किप्रोस निकोलाइड्स यांनी १९९२ मध्ये मांडलं. माप मिलिमीटरच्या दशांशातलं, त्यामुळे बाळ नीट बाजूवर, मान ना फार वर ना फार खाली अशा बेतानं असावं लागतं. सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच हे माप धरायचं. वेळ गेली की गेली. या मापासोबत आईच्या रक्ताची तपासणी करून शक्यतेचा आकडा देतात. एकाला अडीचशे असा आकडा आला की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ एवढाच, की अशा अडीचशे आयांपैकी एकीच्या बाळात दोष निघेल आणि २४९ जणींच्या बाळांत तो निघणार नाही. हे निदान नव्हे, पुढची तपासणी करायची का हे ठरवायचा आधार आहे.

सगळ्यांत मोठी तपासणी अठरा ते वीस आठवड्यांची. आमच्याकडं तिला ॲनोमली म्हणतात, कुणी टिफा म्हणतं. तिचं मूळ स्टुअर्ट कॅम्पबेल यांच्या कामात आहे. त्यांनी १९६८ मध्ये बाळाच्या डोक्याची रुंदी, म्हणजे बीपीडी, अचूक मोजायची पद्धत बसवली. डोकं रोज मोजायला लागल्यावर एक दिवस असं बाळ समोर येणारच, की ज्याला मोजायला डोक्याची कवटीच नाही. १९७२ मध्ये त्यांनी सतराव्या आठवड्याला असं निदान केल्याचं प्रसिद्ध केलं आणि पुढं पाठीच्या कण्यातली फट शोधण्याकडं वळले. बाळ केवढं आहे हे विचारणारं यंत्र बाळ कसं आहे हे विचारायला लागलं ते तिथून.

या तपासणीला अर्धा तास सहज लागतो. मेंदूतल्या पाण्याच्या जागा, ओठ, मणक्यांची रांग, हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या रक्तवाहिन्या, जठर, मूत्रपिंडं, हातपाय, नाळ, वार, गर्भजल असं एकेक करून बघायचं असतं. बाळ पालथं पडलं असेल तर मी बाईला बाहेर चालून यायला सांगते. बाहेर लगेच कुजबुज सुरू होते, काहीतरी वाईट दिसलंय. तसं नसतं, हृदय बघायला बाळानं छाती आमच्याकडं करायला हवी, एवढंच. सगळं ठीक दिसलं तरी रिपोर्टात आम्ही लिहितो, की सगळे दोष या तपासणीत दिसतातच असं नाही. ती पळवाट नव्हे. हृदयातलं बारीक छिद्र निसटू शकतं. बाळाला ऐकू येईल का, बुद्धी कशी असेल, हे कुठल्याच प्रोबला दिसत नाही.

अठरा ते वीस हाच काळ आपल्याकडं का पक्का झाला, याला शरीरशास्त्राइतकाच कायदाही कारण आहे. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यानं वीस आठवड्यांची मर्यादा घातली, तेव्हा कॅम्पबेल यांचं निदान छापूनही आलं नव्हतं. २००८ मध्ये मुंबईचं एक दांपत्य बाळाच्या हृदयातला दोष उशिरा कळला म्हणून उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं परवानगी नाकारली आणि देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीनं ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली, आणि बाळात गंभीर दोष असेल तर त्यापुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडं दिला. तरी माझा सल्ला जुनाच आहे: विसावा आठवडा उलटायची वाट बघू नका. काही निघालं तर दुसरं मत घ्यायला, कोल्हापूर-पुण्याला जायला दिवस हाताशी हवेत.

याच रिपोर्टात 'वार खाली आहे' अशी ओळ आली की घाबरायचं नाही, पण विसरायचंही नाही. वारेची जागा सोनोग्राफीनं बघायचं काम १९६० च्या दशकात ग्लासगोत आणि अमेरिकेत सुरू झालं. त्याआधी वार तोंडाशी असल्याचं बाईला रक्तस्राव सुरू झाल्यावरच कळायचं. विसाव्या आठवड्याला खाली दिसणारी वार बहुतेक वेळा गर्भाशय वाढेल तशी वर सरकते. बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा बघायचं.

शेवटच्या तिमाहीतल्या ओळी वाढीच्या. डोक्याची रुंदी, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी यांवरून वजन काढायची सूत्रं फ्रँक हॅडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात दिली. तलाठ्यांनी बोट ठेवलेलं नाव ते हे. लक्षात ठेवायचं ते असं, की हे वजन तराजूतलं नाही, सूत्रातलं आहे. शेकडा पंधरा इकडंतिकडं धरूनच चालावं. रिपोर्टात तीन किलो लिहिलंय आणि बाळ पावणेतीनचं निघालं, म्हणून नर्सबाईंशी भांडायचं कारण नाही.

पण तलाठ्यांच्या प्रश्नाला दुसरी बाजू होती. ह्यूस्टनच्या बाळांची मापं कोल्हापूर जिल्ह्यातल्या बाळांना का लावायची? हा प्रश्न जगातल्या पुष्कळ डॉक्टरांनाही पडला. त्यातून इंटरग्रोथ-२१ नावाचा अभ्यास झाला. आठ ठिकाणं निवडली: ऑक्सफर्ड, सिएटल, तुरिन, मस्कत, नैरोबी, ब्राझीलमधलं पेलोटास, बीजिंगचा एक भाग आणि आपलं नागपूर. धडधाकट, पोटभर खाणाऱ्या गरोदर बायका घ्यायच्या आणि चौदाव्या आठवड्यापासून दर पाच आठवड्यांनी बाळ मोजायचं. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ४,३२१ गरोदरपणांच्या मापांवरून नवे तक्ते आले. त्यांचं म्हणणं असं, की आईची तब्येत आणि परिस्थिती चांगली असेल तर पोटातली बाळं सगळीकडं साधारण सारखीच वाढतात. या निष्कर्षावर वाद आहेत. मला मात्र तो आमच्या मुकादमांना ऐकवावासा वाटतो. "आमच्यात बाळं बारीकच असत्यात" असं म्हणून ते आठव्या महिन्यातल्या बाईलाही ऊसतोडीला नेतात.

वाढ खुंटलेली वाटली तर डॉप्लर. नाळेतल्या रक्ताचा वेग त्यात आलेखासारखा दिसतो. डब्लिनमध्ये १९७७ मध्ये याची सुरुवात झाली. वार नीट काम करत असेल तर हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढं वाहत राहतं. वार थकली की तो मधला प्रवाह कमी होतो, मग थांबतो, आणि अगदी वाईट अवस्थेत उलटा फिरतो. बाळंतपण आधीच करावं का, याचा निर्णय पुष्कळदा या एका आलेखावर होतो. ही तपासणी प्रत्येकीला लागत नाही.

पडद्यावर बाळ हलताना दिसतं, ते मूळच्या ग्लासगोच्या यंत्रात दिसत नव्हतं. तिथं प्रोब हातानं पोटावरून फिरवून एकेक स्थिर चित्र उभं करायचं. हलतं चित्र १९६५ मध्ये जर्मनीत सीमेन्सच्या व्हिडोसन यंत्रानं दाखवलं, सेकंदाला सुमारे १५ चित्रं. पुढच्या वीस वर्षांत यंत्रं लहान झाली, स्वस्त झाली आणि १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावांत पोचली. इथून पुढची ओळ मात्र ग्लासगोची नाही. ती आपण मिळवली आहे.

तिची सुरुवात सोनोग्राफीनं झाली नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीच्या एम्समध्ये गर्भजल तपासून बाळातले दोष शोधायचं काम सुरू झालं. त्यातून लिंगही कळतं, हे बाहेर पडायला वेळ लागला नाही. सरकारी इस्पितळांत ते बंद केलं तर खासगी दवाखान्यांनी उघड जाहिराती केल्या. मुंबईत १९८० च्या दशकाच्या मध्यात स्त्री-संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले, मोर्चे निघाले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो लागू झाला १ जानेवारी १९९६ ला. तोवर गर्भजलाची सुई मागं पडून सोनोग्राफीचं मशीन पुढं आलं होतं. कायदा कागदावर आणि मशीन गावोगाव, अशी स्थिती. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी, एवढ्या दोन शब्दांत काम होत होतं.

२००० मध्ये सेहत आणि मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं राज्यांना फटकारलं, मशीनची नोंदणी करायला लावली, आणि सुधारलेला कायदा १४ फेब्रुवारी २००३ पासून लागू झाला. तोपर्यंत २००१ ची जनगणना आली होती. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या ९१३ झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यात ८३९. ऊस आहे, दूध संघ आहेत, शाहू महाराजांचं नाव प्रत्येक भाषणात आहे, आणि आकडा ८३९. जमीन वाटली जाऊ नये, हुंडा पडू नये, दोनच मुलं हवीत आणि त्यात एक मुलगा हवाच, हे सगळं आधीपासून होतं. मशीननं त्याला सोय करून दिली.

२०१० च्या सुमारास आमच्या जिल्ह्यात प्रत्येक सोनोग्राफी मशीनला तपासणीची नोंद करणारं यंत्र बसवायचा आदेश निघाला. त्याला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' म्हणत. डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये आदेश कायम ठेवला. तेव्हा आमच्या बैठकांमध्ये झालेला संताप मी ऐकला आहे, थोडा केलाही आहे. सगळ्यांनाच चोर समजतात, असं वाटायचं. मग मार्च २०१७ मध्ये शेजारच्या मिरज तालुक्यात म्हैसाळजवळ ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्यानंतर त्या संतापाला माझ्याकडं शब्द उरले नाहीत.

म्हणून आमच्याकडं सोनोग्राफीला आलेल्या बाईनं या गोष्टी गृहीत धराव्यात. भिंतीवर पाटी असेल. ओळखपत्र मागतील. 'एफ' फॉर्म भरतील: आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती, कुणी पाठवलं, कशासाठी. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, अशा निवेदनावर बाईची सही किंवा अंगठा घेतील. ते कुणाला कोणत्याही प्रकारे सांगितलं नाही, अशा निवेदनावर डॉक्टर सही करेल. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत हे सगळं सरकारकडं जातं आणि कागद दोन वर्षं जपून ठेवावे लागतात. नवे डॉक्टर कुरकुरतात, की एक रकाना रिकामा राहिला तर मशीनला सील. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं, की हा फॉर्म नीट न भरणं ही नुसती कारकुनी चूक मानता येणार नाही. मला ते पटतं. रॉबिन्सननी मिलिमीटर भरले, हॅडलॉकनी सूत्रं भरली, तसे हे रकाने आपल्या समाजानं भरून घेतले आहेत. ज्या गुन्ह्याचा साक्षीदार कधी जन्माला येत नाही, त्याचा पुरावा कागदावरच राहू शकतो.

यंत्राचा वापर कशासाठी होतो, या प्रश्नातून इयन डोनाल्डही सुटले नव्हते. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये गर्भपाताला परवानगी देणारा कायदा झाला, त्याला त्यांचा कडवा विरोध होता. गर्भाची हलती चित्रं ते त्यासाठी दाखवत. त्यांच्याच यंत्राच्या मदतीनं कॅम्पबेल यांनी कवटी नसलेल्या बाळाचं निदान केलं, त्यानंतर मात्र त्या आईनं गर्भपाताचा निर्णय घेतला. तो तिचा हक्क होता, असं मी मानते. यंत्र बनवणाऱ्याच्या हातात त्याचा वापर राहत नाही, हे ग्लासगोत घडलं तसंच गडहिंग्लजलाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. "किती सोनोग्राफ्या करू?" असं बायका विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१६ चं सांगणं असं, की चोवीस आठवड्यांच्या आत एक तरी व्हायलाच हवी. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं त्याची विचारणा करावी. सगळं सुरळीत असेल आणि पैशाची ओढ असेल, तर मी दोन सांगते: पहिल्या तीन महिन्यांतली एक, तारखेसाठी, आणि अठरा ते वीसमधली एक, बाळाच्या घडणीसाठी. बाकीच्या तुमच्या डॉक्टरांना गरज दिसली तर. इतक्या वर्षांत तपासणीच्या ध्वनीनं बाळाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी नुसत्या हौसेखातर मशीनखाली झोपू नये. आणि टेबलावरून उतरताना तीन गोष्टी विचाराव्यात: माझी पक्की तारीख कुठली, वार कुठं आहे, आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं. या तिन्हींची उत्तरं त्या मधल्या रकान्यात असतात, आणि ती तुमच्या भाषेत सांगणं हे आमचं काम आहे.